मायक्रोबायोलॉजीच्या पदवीचे विषय कसे लावायचे: आधी साखळी, मग इन्क्युबेटर, क्रेडिट शेवटी

शेवटच्या वर्षाला आलेला विद्यार्थी क्रेडिटची बेरीज घेऊन येतो. बेरीज बरोबर असते, तरी पदवी एका सेमिस्टरने लांबलेली असते. मेटाबॉलिझमच्या पेपरला बायोकेमिस्ट्री आधी झालेली हवी, बायोकेमिस्ट्रीला ऑरगॅनिक केमिस्ट्री हवी, आणि ऑरगॅनिक त्याने ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवलेली. क्रेडिट भरले, पण रांग चुकली. ही चूक इतक्या जणांकडून होते की प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

पुढचा क्रम सहा सेमिस्टरच्या पदवीला लागू आहे, तसा आठच्याही. विषयांची नावं थोडी इकडेतिकडे असतील, रांग मात्र फारशी बदलत नाही.

## टप्पा १: वही उघडण्याआधी हे जमवा

चार गोष्टी हातात नसतील तर आराखडा करायला बसूच नका.

१. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू असलेला अभ्यासक्रम. सीनियरने दिलेली पीडीएफ चालत नाही. अभ्यासक्रम बदलला की एखादा अनिवार्य विषय ऐच्छिकात जातो, दोन विषयांचा एक होतो, आणि जुन्या यादीवर तुम्ही चुकीचं घर बांधत बसता.

२. प्रत्येक विषयाची पूर्वअट. नुसतं नाव पुरेसं नाही. तो विषय फक्त ‘पास’ लागतो की त्यात ठरावीक श्रेणी लागते, हेही लिहून घ्या. काही विषय ‘आधी’ नाही तर ‘सोबत’ घेतले तरी चालतात. ही सवलत कुठे आहे ते आत्ताच कळलं तर पुढे एक आख्खं सेमिस्टर वाचू शकतं.

३. गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं. कोणता विषय दर सेमिस्टरला चालतो आणि कोणता वर्षातून एकदाच, हे अभ्यासक्रमात बहुधा नसतं, वेळापत्रकात दिसतं.

४. पदवीनंतर जिथे जायचा विचार आहे तिथल्या प्रवेशअटी. विचार पक्का नसला तरी दोन-तीन शक्यता लिहा. कुठे फिजिक्स प्रॅक्टिकलसह लागतं, कुठे संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर लागतो. हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

तपासा: प्रत्येक विषयापुढे पाच रकाने भरलेले आहेत का? अनिवार्य की ऐच्छिक, क्रेडिट, पूर्वअट, कोणत्या सेमिस्टरला चालतो, प्रॅक्टिकल आहे की नाही. एकही रकाना रिकामा असेल तर विभागात जाऊन विचारा. अंदाजाने भरू नका.

## टप्पा २: साखळ्या उलट्या दिशेने काढा

बहुतेक जण पहिल्या सेमिस्टरपासून पुढे लिहीत जातात. उलटं करा. शेवटचा, सर्वांत वरचा विषय घ्या आणि ‘याच्या आधी काय?’ असं विचारत मागे या.

सगळ्यांत लांब साखळी केमिस्ट्रीची निघते: जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबियल मेटाबॉलिझम, आणि मग त्यावर उभे असलेले इंडस्ट्रियल किंवा फर्मेंटेशनचे पेपर. जनरल दोन सेमिस्टरची, ऑरगॅनिक दोनची आणि बायोकेमिस्ट्री एकाची असेल, तर मेटाबॉलिझम सहाव्या सेमिस्टरच्या आधी घेताच येत नाही. आठ सेमिस्टरच्या पदवीत त्यानंतर दोन उरतात. सहाच्या पदवीत शून्य. म्हणजे तिथे केमिस्ट्री पहिल्याच दिवशी सुरू झाली नाही तर गाडी चुकलीच.

‘पण मला केमिस्ट्रीत रस नाही, मी मायक्रोबायोलॉजीला आलोय,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. ग्लायकोलिसिस घ्या, म्हणजे पेशीतली ग्लुकोज तोडण्याची वाट. दहा पायऱ्या, एका ग्लुकोजपासून दोन पायरुवेट, निव्वळ दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). ऑरगॅनिक न झालेला विद्यार्थी दहा नावं पाठ करतो. झालेल्याला दिसतं की आधी रेणूवर फॉस्फेट चढवलेत, मग अल्डोलेज या विकराने सहा कार्बनची साखळी तीन-तीनमध्ये तोडलीय. आता परीक्षेत एंटनर-डाउडोरॉफ मार्ग येतो, स्यूडोमोनासमध्ये दिसणारा, निव्वळ एकच एटीपी देणारा, आणि ‘तुलना करा’ म्हणून दहा गुण. पाठांतरवाल्याकडे इथे फक्त दुसरी यादी असते. रेणू कुठे तुटतो आणि म्हणून एटीपी कुठे कमी पडतो, हे त्याला सांगता येत नाही. पूर्वअट कागदावर असते ती यासाठी.

दुसरी साखळी जेनेटिक्सची: पेशीजीवशास्त्र, जेनेटिक्स, मायक्रोबियल जेनेटिक्स किंवा मॉलिक्युलर बायोलॉजी, रिकॉम्बिनंट डीएनए. लांबी मध्यम, पण शेवटचे पेपर बऱ्याचदा वर्षातून एकदाच चालतात.

तिसरी म्हणजे साखळी नाहीच, पंखा आहे. मूलभूत मायक्रोबायोलॉजी झाली की मेडिकल, इम्युनॉलॉजी, व्हायरॉलॉजी, फूड, एन्व्हायर्नमेंटल असे सगळे एकदम खुले होतात. इथेच गोंधळ होतो. सगळं घेता येतं म्हणून विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला हे आवडीचे विषय भरभरून घेतात, आणि लांब साखळी तिथेच थबकते. पंख्यातले विषय केव्हाही बसतात. साखळीतले बसत नाहीत.

पंख्यातही एक क्रम मी सुचवीन, नियमात नसला तरी: इम्युनॉलॉजी मेडिकलच्या आधी, निदान सोबत. मेडिकलमध्ये विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी), एलायझा (अँटिजेन किंवा अँटिबॉडी शोधणारी चाचणी), लसी पानोपानी येतात. अँटिजेन-अँटिबॉडी माहीत नसेल तर प्रत्येक आजाराचं निदान वेगळं पाठ करावं लागतं.

चौथी साखळी छोटी आणि म्हणून विसरली जाणारी: गणित, संख्याशास्त्र, प्रकल्प. संख्याशास्त्र शेवटच्या सेमिस्टरला ठेवणारे पुष्कळ. प्रयोग झालेला, आकडे आलेले, आणि मग कळतं की प्रत्येक गोष्ट एकदाच केलीय, तीनदा करायला हवी होती.

इशारा: वर्षातून एकदाच चालणाऱ्या विषयांभोवती लाल गोल करा. तो विषय राहिला तर नुकसान एका सेमिस्टरचं नसून वर्षाचं असतं.

## टप्पा ३: पहिली दोन सेमिस्टर

इथे चार गोष्टी जाऊ द्यायच्या नाहीत: केमिस्ट्री, पेशीजीवशास्त्र, गणित, आणि शक्य तितक्या लवकर मूलभूत मायक्रोबायोलॉजी प्रॅक्टिकलसह.

भाषा, सामान्य ज्ञान, कौशल्य वगैरे हलके विषय पहिल्याच वर्षी उरकून टाकण्याचा मोह होतो. गुण चांगले पडतात, घरीही बरं वाटतं. पण पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला तीन अवघड पेपर एकत्र येतात, तेव्हा सोबतीला एकही हलका विषय शिल्लक नसतो. म्हणून ते जपून ठेवा. सेमिस्टरला एक, फार तर दोन.

गणिताबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ‘बायोलॉजी घेतली ती गणित सोडण्यासाठीच’ म्हणणारे इथे पहिल्यांदा अडकतात. अगदी साधं उदाहरण. नमुना दहा लाखपट विरल केला, त्यातला ०.१ मिलि प्लेटवर पसरला, दुसऱ्या दिवशी १५० कॉलनी (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) मोजल्या. मूळ नमुन्यात दर मिलिला किती? १५० भागिले ०.१ म्हणजे १५००, गुणिले दहा लाख, म्हणजे १५० कोटी. वर्गातले कित्येक जण १५ कोटी लिहितात, कारण ०.१ ला भागायचं राहून जातं. प्लेट उत्तम, कॉलनी मोजणीला योग्य मानलेल्या ३० ते ३०० च्या मर्यादेत, हात स्वच्छ, आणि उत्तर दहापट चुकलेलं. लॉग आणि घातांक नीट आले की पीएच, वाढीचा आलेख, पिढीकाल, सगळं सुटतं. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. तासाभरात किती पट झाला? ‘तिप्पट’ असं उत्तर तोंडावर आलं असेल तर गणिताचा पेपर पुढे ढकलू नका. (आठपट.)

## टप्पा ४: प्रॅक्टिकल किती तासांचं असतं?

वेळापत्रकात तीन किंवा चार तास लिहिलेले असतात. त्यावर विश्वास ठेवून आराखडा केला की तो पहिल्या महिन्यातच कोसळतो. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण तो करतच नाहीत.

प्लेट लावली की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. नेहमीचे बॅक्टेरिया ३७ अंश सेल्सिअसला २४ तासांत, कधी ४८ तासांत वाढतात. बुरशीला साधारण २५ अंशाला पाच-सात दिवस लागतात. मातीतल्या अॅक्टिनोमायसीट्सना (बुरशीसारखे धागे काढणारे जिवाणू) आठवडा किंवा जास्त. विनोग्रॅडस्की कॉलम (चिखल-पाण्याने भरलेला नळा, ज्यात सूक्ष्मजीव थरांनी वाढतात) लावलात तर रंगांचे थर दिसायला आठवडे जातात. प्रत्येक वेळी कुणीतरी जाऊन पाहायचं, नोंद करायची, पुढची प्लेट लावायची. ते ‘कुणीतरी’ म्हणजे तुम्ही, आणि ती वेळ वेळापत्रकात नाही.

काही निकाल थांबतच नाहीत. अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवलेली प्लेट १६ ते १८ तासांनी वाचायची. ट्रिपल शुगर आयर्नचा स्लँट (साखर आंबवली की रंग बदलणारं, नळीत तिरकं गोठवलेलं माध्यम) १८ ते २४ तासांत. उशीर केला तर साखर संपते, जिवाणू पेप्टोनकडे वळतात, वरचा पिवळा भाग पुन्हा लाल होऊ लागतो आणि लॅक्टोज आंबवणारा जिवाणू न आंबवणारा दिसतो. ग्रॅम स्टेनिंगला (जिवाणू रंगवून दोन गटांत ओळखण्याची पद्धत) कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, १८ ते २४ तासांचं हवं. शिळ्या कल्चरमधले ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू जांभळा रंग सोडून देतात आणि स्लाइडवर गुलाबी दिसतात. मग विद्यार्थी रंगांना दोष देतो, अल्कोहोलला देतो, शेजाऱ्याला देतो. कल्चर परवाचं आहे हे सोडून सगळं तपासतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका सेमिस्टरला मी तीन प्रॅक्टिकलचे विषय घेतले होते, त्यातलं एक शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी मिश्र कल्चर स्ट्रीक केलं (सुट्या कॉलनी मिळाव्यात म्हणून प्लेटवर रेघांनी पसरवलं), शनिवार-रविवार प्रयोगशाळा बंद. सोमवारी झाकण उघडलं तर सुट्या कॉलनी नाहीतच. प्रोटियस होता आणि त्याने लाटांवर लाटा काढत सगळी प्लेट व्यापली होती. एका दिवसात पसरणारा जिवाणू, त्याला मी तीन दिवस मोकळं रान दिलं. पुन्हा स्ट्रीक करायला मंगळवार उजाडला, मंगळवारी दुसऱ्या विषयाचं प्रॅक्टिकल, आणि त्या महिन्यात जर्नलमध्ये ‘निकाल’ या शब्दाखाली मी बरंच साहित्यिक लेखन केलं.

म्हणून तीन नियम.

१. एका सेमिस्टरला ओली (प्रयोगशाळेत हाताने करायची) प्रॅक्टिकल्स दोनच. तिसरं घ्यायचंच असेल तर ते कोरडं असावं: संख्याशास्त्र, बायोइन्फॉर्मेटिक्स, संगणकावर होणारं काहीही.

२. प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या दिवशी किमान एक तास मोकळा ठेवा. तो दिवस सुट्टीचा असेल तर नोंदणीआधी विचारा: सुट्टीत प्लेट कोण काढतं, कुठे ठेवतं? वाढ झालेल्या प्लेट्स ४ अंशाला ठेवल्या तर कॉलनी मोजायला चालतात. वेळेवर वाचायच्या चाचण्यांना ही पळवाट नाही.

३. मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) स्वतः बनवावा लागतो का, हे विचारून घ्या. ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला १५ मिनिटं म्हटलं तरी तापणं, दाब उतरणं, अगार ओतण्याजोगा होणं, ओतलेला सुकणं, यात अर्धा दिवस सहज जातो.

तपासा: रोगकारक जिवाणू हाताळायचे विषय कोणत्या सेमिस्टरला येतात? त्याआधी सुरक्षा प्रशिक्षण झालेलं असावं. लस लागत असेल तर तीही आधीच घ्या, कारण हिपॅटायटिस बीचे डोस काही महिन्यांत विभागलेले असतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर प्रयोगशाळाप्रमुखांना आधी सांगा, बहुतेक ठिकाणी पर्यायी व्यवस्था होऊ शकते. लपवून काम करू नका.

## टप्पा ५: आता चौकटी भरा

आठ सेमिस्टर धरून एक सांगाडा देतो. जसाच्या तसा उतरवण्यासाठी नाही, ताडून पाहण्यासाठी.

पहिलं: जनरल केमिस्ट्री एक, पेशीजीवशास्त्र, गणित, एक हलका विषय.
दुसरं: जनरल केमिस्ट्री दोन, मूलभूत मायक्रोबायोलॉजी प्रॅक्टिकलसह, एक हलका.
तिसरं: ऑरगॅनिक एक, जेनेटिक्स, संख्याशास्त्र.
चौथं: ऑरगॅनिक दोन, इम्युनॉलॉजी, मायक्रोबियल जेनेटिक्स.
पाचवं: बायोकेमिस्ट्री, मेडिकल मायक्रोबायोलॉजी, एक हलका.
सहावं: मेटाबॉलिझम, व्हायरॉलॉजी, एक ऐच्छिक. प्रकल्पाचा विषय आणि मार्गदर्शक याच सेमिस्टरला ठरवा.
सातवं: प्रकल्प, रिकॉम्बिनंट डीएनए, राहिलेलं ऐच्छिक.
आठवं: प्रकल्पाचं लेखन, इंडस्ट्रियल किंवा फूड, आणि एक जागा मुद्दाम रिकामी.

रिकामी जागा म्हणजे आळस नव्हे. कुठला तरी विषय राहील, एखादा त्या वर्षी चालणार नाही, दोन प्रॅक्टिकल्स एकाच वेळी येतील. ती जागा नसेल तर पहिल्याच धक्क्याला पदवी लांबते.

सहा सेमिस्टर असतील तर पहिल्या दोनमधले हलके विषय पुढे सरकवा आणि ‘सोबत घेता येतील’ अशा सवलती पुरेपूर वापरा. केमिस्ट्रीला हात लावू नका.

## टप्पा ६: ऐच्छिक विषय

इथे मित्र काय घेतोय हे बघून निर्णय होतात. चालतंय. निदान एवढं करा: विषयाचं नाव सोडा, त्यात हाताने काय करायला शिकवतात ते वाचा. औषधनिर्मितीतल्या गुणवत्ता विभागात जायचं असेल तर निर्जंतुकता चाचणी, एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातलं विष) तपासणं, स्वच्छ कक्षातलं काम शिकवणारा पेपर हवा. पाणी किंवा अन्न तपासणीसाठी कोलिफॉर्म (दूषणाची खूण मानले जाणारे जिवाणू) आणि ते मोजायच्या एमपीएन, मेम्ब्रेन फिल्टर या पद्धती. संशोधनाकडे कल असेल तर पीसीआर, सिक्वेन्सिंग, आणि थोडं प्रोग्रामिंग. प्रोग्रामिंग नको वाटत असेल तर एकदा शंभर सिक्वेन्स हाताने ब्लास्ट करून (एकेक करून डेटाबेसशी जुळवून) बघा, मत बदलेल.

इंटर्नशिप सुट्टीत बसवा, पण मूलभूत प्रॅक्टिकल झाल्यावरच. त्याआधी गेलात तर तुम्हाला काचसामान धुण्यापलीकडे काही देता येत नाही, आणि दिलं तर ते त्यांनी चुकीचं केलं. दोन आठवड्यांची इंटर्नशिप घेताना एक लक्षात ठेवा: औषधांची निर्जंतुकता चाचणीच १४ दिवस इन्क्युबेटरमध्ये असते. तुम्ही लावलेल्या चाचणीचा निकाल दुसरंच कुणी वाचेल.

## टप्पा ७: प्रकल्पाचे आठवडे मोजा

प्रकल्पाला ‘एक सेमिस्टर’ म्हणतात. मोजून बघू. मातीतून अॅक्टिनोमायसीट्स वेगळे करायचेत असं धरा. पहिली प्लेट सात दिवस. तिच्यावरून निवडलेली कॉलनी शुद्ध करायला तीनदा स्ट्रीक, प्रत्येक वेळी किमान पाच दिवस. म्हणजे २२ दिवस गेले आणि हातात काय, तर शुद्ध कल्चर. चाचण्या अजून सुरूही नाहीत. त्यात एकदा कंटॅमिनेशन होणार, होतंच. त्याच्या आधी मीडिया आणि रसायनं मागवायचे दिवस, नंतर प्रत्येक चाचणी तीन-तीनदा, मग आकडेमोड, मग लेखन.

म्हणून प्रकल्पाच्या आदल्या सेमिस्टरला चार कामं उरका: मार्गदर्शकांचा होकार, विषय, साहित्याची यादी, आणि परवानग्या. माणसांचे नमुने, मग तो घशातला स्वॅब असो की मित्रांच्या हातावरचा, घ्यायचे असतील तर नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. ‘फक्त मैत्रिणींचेच नमुने आहेत’ हे कारण तिथे चालत नाही.

इशारा: प्रकल्पाच्या सेमिस्टरला ओलं प्रॅक्टिकल आणखी एकच. इन्क्युबेटरमध्ये तुमच्या प्लेट्ससाठी जागा आहे का, हेही आधी बघा. ऐन वेळी तिथे पहिल्या वर्षाच्या साठ प्लेट्स रचलेल्या असतात.

## टप्पा ८: दर सेमिस्टरला पुन्हा काढा

निकाल लागल्यावर, नोंदणी उघडण्याआधी, आख्खा आराखडा नव्याने काढा. विषय राहिला तर नुसता तो पुढच्या रकान्यात ढकलून भागत नाही. त्याच्यावर टेकलेले सगळे विषय हलतात. ऑरगॅनिक एक राहिली, तर बायोकेमिस्ट्रीपासून मेटाबॉलिझमपर्यंत प्रत्येक बाण पुन्हा तपासा आणि मध्ये रिकामी झालेली जागा पंख्यातल्या विषयाने भरा. राहिलेला विषय आणि त्याच्यावर टेकलेला विषय एकत्र घ्यायची परवानगी मागणारे असतात. मिळते कधीकधी. माझा अनुभव असा की दोन्हीत काठावर गुण पडतात.

नोंदणीच्या दिवशी ही यादी समोर ठेवा:

१. या सेमिस्टरच्या प्रत्येक विषयाची पूर्वअट, लागणाऱ्या श्रेणीसह, पूर्ण आहे.
२. केमिस्ट्रीची साखळी एका पायरीने पुढे सरकली आहे.
३. ओली प्रॅक्टिकल्स दोनपेक्षा जास्त नाहीत आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशी तास मोकळा आहे.
४. लाल गोलातला, या वेळी चालणारा विषय सुटलेला नाही.
५. किमान एक हलका विषय पुढच्या अवघड सेमिस्टरसाठी शिल्लक आहे.

आणि विभागातल्या कुणी ‘घ्या, पूर्वअट मी बघतो’ असं सांगितलं असेल, तर ते ईमेलवर मागून घ्या. पदवीच्या शेवटी कागदपत्रं तपासणारी व्यक्ती वेगळी असते, आणि तिच्यासमोर फाइलमध्ये जे आहे तेच असतं.